पांगाऱ्यावरचा दयाळ आणि माझा बसलेला आवाज

रोह्याजवळच्या वरसे गावात कुणालाही विचारा, सुमनबाईंचं दुकान कुठं आहे. तो सांगेल, कुंडलिकेच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात. मग विचारा, सुमनबाई कुठं भेटतील. तो म्हणेल, जरा उभे राहा, ऐकू येईलच.

मागच्या वर्षापर्यंत हे खरं होतं.

मी कडव्या वालाचा, तांदळाचा आणि पोह्यांचा व्यापार करते. माहेर पेणच्या खाडीकडचं. आईबाप मिठागरावर कामाला. मिठागर म्हणजे उघडं मैदान, पाणी आणि ऊन. या बांधावरच्या माणसाला त्या बांधावर काही सांगायचं तर ओरडायचं, दुसरा उपाय नाही. आमच्या घरात लहान मूल रडायला लागलं की आजी खूश व्हायची, म्हणायची, "घसा चांगला हाय, उपाशी नाय मरायची." लग्न होऊन रोह्याला आले. नवरा कंपनीत शिफ्टला. मी बाजाराच्या कोपऱ्यावर एक पोतं घेऊन बसले आणि ओरडले. आज दुकान आहे, मालाला भाड्याचा टेम्पो आहे, सुगीत गावागावांतले शेतकरी वाल घेऊन थेट आमच्या मागच्या दारी येतात. भाव ठरला की मी पोत्यावर थाप मारते आणि म्हणते, "पटलं!" ते म्हटल्यावर माघार नाही. माझी नाही आणि समोरच्याचीही नाही. हा शब्द म्हणे पुलावरून ऐकू येतो.

हे सगळं फुशारकीसाठी सांगत नाही. माझ्या दृष्टीनं काय पणाला लागलं होतं ते कळावं म्हणून सांगते. हे लिहिते आहे ते घसा बसलेल्या, गप्प बसायची वेळ आलेल्या आणि त्यामुळे घाबरलेल्या माणसांसाठी. आणि थोडंसं माझ्या नणंदेसाठी. ते का, हे शेवटी कळेल.

घोगरा

गणपतीत आवाज बसला. गणपतीत कुणाचा बसत नाही? आरत्या म्हटल्या, बाजार केला, भांडले, बसला. पण दिवाळी आली तरी उठेना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस झाला, गल्लीतल्या डॉक्टरांचं लाल औषध झालं. फोनवर गिऱ्हाईक मला विचारायला लागलं, "काका, सुमनबाई आहेत का?" मी म्हणायचे, "बाहेर गेल्यात, काय हवंय?"

हसत होते, पण आतून चिडत होते. आवाज कमी पडतो म्हणून आणखी जोर लावत होते. नवरा म्हणायचा, "दाखवून ये गो." मी म्हणायचे, सुगी होऊ दे. व्यापाऱ्याची सुगी कधी संपत नाही.

मग एक दिवस टेम्पोवाल्याशी भाड्यावरून जुंपली. मी बरोबर होते. वाक्य अर्ध्यावर असताना आवाजच गेला. तोंड उघडं, हात वर, आणि आत काही नाही. टेम्पोवाल्यानं क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाला, "म्हणजे मान्य ना?"

मी हरले. दुसऱ्याच दिवशीची पेणच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

तुम्ही असं करू नका. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर टेम्पोवाल्याची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

पेणचा दिवस

डॉक्टर बाई तरुण होती. तिनं नळीतून कॅमेरा आत घातला आणि मला माझाच घसा पडद्यावर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या थरथरत होत्या. एकीच्या कडेला एक दाणा होता. मी वालवाली, मला ते वालासारखंच दिसलं. विचारलं, "वालाएवढा?"

"त्याहून बराच लहान," ती म्हणाली. "पण काढायला हवा. काढून तपासायला पाठवू. तपासल्याशिवाय मी काहीच म्हणणार नाही."

ती पुढं बरंच काही बोलली. मी एकच शब्द ऐकला, तपासायला. शेजारी नवरा बसला होता. हा माणूस कंपनीत मोठमोठ्या यंत्रांपुढं उभा राहिलेला, पण त्या खोलीत त्यानं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "उसाचा रस घेतेस?" बर्फाशिवाय घेतला. तो रस फार गोड होता हे अजून आठवतं.

पेणला गेलो की रामवाडीला नणंदेकडे जेवायचं, हा आमच्या घरचा नियम. वन्सं नवऱ्याहून मोठ्या, त्याला अजून गजा म्हणतात, त्यांच्या हाताला चव आहे आणि जिभेलाही धार आहे. त्यांनी ताट वाढलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या,

"सांगत नव्हते मी? उठल्यापासून कुणावर ना कुणावर ओरडायचं. घसा काय पितळेचा हाय? तोंडाचंच फळ हे, सुमन."

आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी, समोर वाढलेल्या ताटावर, मला हे ऐकवलं. ज्या तोंडाला त्या नावं ठेवत होत्या, त्याच तोंडानं त्यांच्या भावाची कंपनी बंद होती तेव्हा घर चालवलं होतं. हे सगळं मला सांगायचं होतं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि टेम्पोवाल्यासमोर झालं तेच झालं. आवाज नाही.

त्या बोलल्या त्याचा राग मी कदाचित विसरले असते. मला उत्तर देता आलं नाही, हा राग विसरण्यातला नव्हता.

आमच्या परसात कुंपणाला एक मोठा पांगारा आहे. वन्संनी लहानपणी फांदी खोचली, तिचं झाड झालं. मला तिथं वालाच्या पोत्यांसाठी पत्र्याची शेड हवी होती. दोन उन्हाळे आमचं त्यावरून वाजत होतं. झाडाचा विषय निघाला की वन्सं रामवाडीहून येऊन खोडाला टेकून उभ्या राहायच्या. त्या दिवशी परतताना गाडीत मी नवऱ्याच्या कानाशी लागून घोगऱ्या आवाजात म्हटलं, "घरी गेल्यावर पहिलं काम, पांगारा तोडायचा."

तो म्हणाला, "पहिलं काम ऑपरेशन."

डॉक्टरांशी सौदा

ऑपरेशनसाठी पनवेलच्या पुढच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथले सर्जन पांढऱ्या केसांचे, शांत. म्हणाले, ऑपरेशननंतर काही दिवस अजिबात बोलायचं नाही.

"किती दिवस?"

"दोन आठवडे."

"आठ दिवस करा."

"दोन आठवडे."

"बरं, दहा. दहाव्या दिवशी अगदी हळू बोलेन, कुजबुजल्यासारखं."

"कुजबुजायचं तर मुळीच नाही. त्यानं घशाला जास्त ताण पडतो. दोन आठवडे, आणि त्यानंतरही मी सांगेन तेवढंच."

"डॉक्टर, थोडं तुम्ही खाली या, थोडी मी वर येते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही आणखी एकदा विचारलंत तर तीन आठवडे."

मी दोन आठवडे मान्य केले. इतक्या वर्षांत माझ्यापुढं भाव वर नेणारा हा पहिला माणूस. मला तो आवडला. अशा माणसाच्या हातात घसा द्यायला हरकत नव्हती.

हॉस्पिटलातली सकाळ आमच्या बाजारासारखीच लवकर सुरू होते. आधी फरशी पुसणारी, मग ताप बघणारी, मग गोळ्यांची गाडी. माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिला कमी ऐकू यायचं. ऑपरेशन होऊन मी मुकी परतले, आणि आमचं फार जमलं. ती तास न् तास बोलायची, मी मान हलवायचे. जाताना माझ्या नवऱ्याला म्हणाली, "तुमची मंडळी भारी गरीब स्वभावाची हो." त्याला हसू दाबायला खिडकीकडे वळावं लागलं.

घंटा

घरी आल्यावर नवऱ्यानं देवघरातली घंटा माझ्या हातात दिली. एकदा वाजवली तर पाणी, दोनदा वाजवली तर इकडे या. पहिल्याच दिवशी त्यानं आमटीत मीठ घालायचं विसरून ताट समोर ठेवलं. मिठागरावरच्या मुलीला अळणी आमटी! मी घंटा इतकी बडवली की शेजारीण प्रसाद घ्यायला आली.

बाजारात आम्ही एवढंच सांगितलं होतं, की घशाचं लहानसं ऑपरेशन झालं, बाई घरी आहेत. मला बोलायची बंदी आहे हे कुणाला कळू दिलं नाही. वालाची सुगी तोंडावर आली होती. व्यापारी मुका झाला हे कळलं, की बाजार त्याला उभा चिरतो.

गमती सोडल्या तर ते दिवस सोपे नव्हते. रिपोर्ट यायचा होता. बोलत असताना माणूस भीतीला बाहेर ढकलू शकतो. कुणावर तरी ओरडलं की छाती मोकळी होते. मला तो रस्ता बंद होता. मग मी मनातल्या मनात वन्संशी भांडायचे. काय उत्तर द्यायचं, कुठल्या शब्दापासून सुरुवात करायची, कुठं थांबायचं, सगळं ठरवलं. आवाज आला की पहिलं वाक्य त्यांच्यासाठी, हे नक्की केलं होतं. पण मध्येच मनात यायचं, आवाज आलाच नाही तर? आणि रिपोर्ट वाईट आला तर आवाजाचं करायचं काय?

मागचं दार

लवकर उठायची सवय जात नाही. दिवस उजाडायच्या आधी जाग यायची. घरात भांडी वाजवायची नाहीत, कुणाला हाक मारायची नाही, मग करायचं काय? शाल घेऊन मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसायला लागले.

थंडी सरत आली होती. पांगाऱ्याची पानं गळून गेली होती आणि काटेरी फांद्यांच्या टोकाला लाल फुलं फुटत होती. याआधी मी त्या झाडाकडे किती पोती मावतील एवढ्याच हिशेबानं पाहिलं होतं.

पहिले दोन दिवस मला नुसता गोंगाट ऐकू आला. तिसऱ्या दिवशी त्यात माणसं दिसायला लागली. म्हणजे पक्षीच, पण माझ्या ओळखीची माणसं. सातभाईंचा घोळका यायचा, ती सरळ आमची बाजारपेठ. सगळे एकदम बोलणार, कुणीच ऐकणार नाही, आणि उडून जाताना भांडण अर्धवट. तांबट म्हणजे एकाच भावाला चिकटून बसलेला शेतकरी, टुक टुक टुक टुक, सकाळपासून एक पैसा इकडे नाही की तिकडे नाही. कोकीळ प्रत्येक हाकेला भाव चढवत नेतो आणि पार वर गेल्यावर घाबरून गप्प होतो, असे दलाल मी पुष्कळ पाहिलेत. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर यायचा, एवढासा जीव, पण नाचरा, लकाकणारा, नुसता माल बघून जाणारा.

आणि एक काळापांढरा पक्षी होता. शेपटी वर करून पांगाऱ्याच्या अगदी शेंड्याला बसायचा. सुरुवातीला तो गातच नव्हता. आतल्या आत काहीतरी पुटपुटल्यासारखं करायचा, मध्येच सोडून द्यायचा. मी खुणेनं नवऱ्याला विचारलं, हा कोण?

"दयाळ," तो म्हणाला. "थंडीभर गप्पच असतो हा. आता सुरू होईल बघ."

थंडीभर गप्प! मी खुर्ची त्याच्या बाजूला वळवली.

रोज थोडं थोडं वाढत गेलं. एके पहाटे अजून झुंजुमुंजू होतं, आणि त्यानं पूर्ण गळ्यानं गायला सुरुवात केली. लांब, गोड, वळणं घेणारी शीळ. एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मला वाटलं संपलं. तेवढ्यात दोन घरं पलीकडच्या आंब्यावरून दुसऱ्या दयाळाचं उत्तर आलं. आमच्या दयाळानं ते पूर्ण ऐकून घेतलं, मान वाकडी केली, आणि मग आधीपेक्षा वेगळी ओळ टाकली. पुन्हा थांबला.

माझ्या लक्षात आलं, हे दोघं हद्दीवरून भांडतायत. कुंपणावरून! आणि किती गोड भांडतायत. मी आयुष्यभर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत माझं सुरू केलं. हा पठ्ठ्या थांबत होता, आणि त्याच्या थांबण्यालाच वजन होतं.

त्या सकाळी तासभर मला रिपोर्टची आठवण झाली नाही. दुखणाईताला हे केवढं मोठं आहे, ते दुखणाईतालाच कळेल.

त्याच दिवशी घंटा वाजवून नवऱ्याला बोलावलं आणि बोटानं दाखवलं, शेड इथं नको. तिकडे, न्हाणीच्या अंगाला. त्यानं गवंड्याला बोलावून न्हाणीकडची जागा मापून घेतली. मी ओठांवर बोट ठेवलं. वन्संना सांगायचं नाही. का सांगायचं? राग अजून तसाच होता.

रिपोर्ट

रिपोर्ट आणायला नवरा एकटाच गेला. मी पडवीत बसून राहिले. दुपारचे पक्षीही गप्प असतात, त्या दिवशी मला त्यांचा राग आला.

तो मागच्या दारानं आला. समोर उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याचाही आवाज फुटेना. दोघं मुके एकमेकांकडे बघत उभे. मी घंटा उचलून त्याच्या अंगावर फेकायच्या बेतात होते, तेव्हा तो म्हणाला,

"नाय. तसलं काय नाय. साधी गाठ."

मग तो पायरीवर बसला आणि रडला. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. बोलता येत असतं, तर मी नक्की म्हटलं असतं, "आधी बोलायला काय झालं होतं?" बरं झालं, बोलता येत नव्हतं.

काशीभाऊ

आता भीती एकच उरली. आवाज येणार का, आणि आला तर बाजाराला पुरणार का?

बंदी संपायला थोडे दिवस राहिले असताना, सकाळी सकाळी काशीभाऊ वालाचं पोतं घेऊन मागच्या दारी हजर. आतल्या गावातले हे शेतकरी, दर वर्षी पहिला माल माझ्याकडे आणतात आणि दर वर्षी आमची खणाखणी होते. पोतं उघडून त्यांनी मूठभर दाणे माझ्यापुढं धरले.

"वयनी, दाणा बघा. अस्सल कडवा." आणि भाव सांगितला.

नेमका तेव्हाच दयाळ सुरू झाला. मी बोट वर केलं. म्हणजे, थांबा, ऐका. काशीभाऊंनी बोटाकडे पाहिलं, मग पोत्याकडे.

"बरं, थोडा कमी करतो. तुमच्यासाठी."

मी ऐकलंच नाही. पलीकडच्या आंब्यावरचं उत्तर आलं होतं आणि आमचा दयाळ काय म्हणतो याची मी वाट बघत होते. त्यानं अशी काही तान घेतली की मी मान डोलावली.

"मान काय हलवता? आता याच्याखाली नाय जमत हा. मजुरी केवढी झालीय, तुम्हाला ठाऊक हाय."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नुसतं पाहिलं. माझ्याकडे दुसरं होतं काय?

"अशा बघू नका, वयनी! शिव्या द्या, पण बोला!" आणि स्वतःच आणखी खाली आले.

माझा नवरा चहाचे कप घेऊन दारात उभा होता. एका शब्दानं तो सगळं सांगू शकला असता. त्यानं चहा ठेवला आणि तो आभाळाकडे बघायला लागला. त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

पण काशीभाऊ इतके खाली आले की मलाच बरं वाटेना. पुढच्या वर्षीचा वालही मलाच हवा आहे, नाडलेला शेतकरी पुन्हा मागच्या दारी येत नाही. मी बोटांनी खूण केली, जरा वर. ते बघतच राहिले. आणखी जरा वर. मग पोत्यावर थाप मारली. "पटलं" म्हणता आलं नाही, पण थाप पुरली.

नंतर कळलं, गावात जाऊन ते म्हणाले, "वयनी आता बोलतच नाय. मनातलं वाचते नि भाव लावते." त्यानंतर सुगीभर माझ्याशी कुणी फार घासाघीस केली नाही.

म्म्म

डॉक्टरांनी बंदी उठवली ती जपून. पहिल्या दिवशी नुसतं ओठ मिटून "म्म्म" करायचं. मग "मा", "मी". एक मुलगी आवाजाचे व्यायाम शिकवायला होती. तिनं सांगितलं, सकाळी करा, पाणी भरपूर प्या.

मी पडवीतच करायचे. वर दयाळ, खाली मी. नवरा एकदा म्हणाला, "दोघांत कुणाचं चांगलं, सांगू?" मी चप्पल दाखवली.

आवाज आला. पण तो माझा नव्हता. खालचा, जाड, कडेला थोडा खरखरीत. डॉक्टर म्हणाले, "सुधारेल आणखी. पण बाजारातलं ओरडणं संपलं. आता गरजेपुरतं, हळू बोलायचं. शिमग्याला बोंब मारायची नाही."

"एक?" मी विचारलं. ऑपरेशननंतर सर्जनसमोर काढलेला तो माझा पहिला खरा शब्द.

"एकही नाही."

घरी येताना गाडीत मी उदास होते. नवरा म्हणाला, "काशीभाऊंच्या वेळी कुठं ओरडली होतीस?"

वन्सं

त्याच संध्याकाळी वन्सं आल्या. मला बोलायची परवानगी मिळाली हे त्यांना माहीत नव्हतं. मी नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं आणि डोकं दुखतंय असं दाखवून लवकर झोपायला गेले. भांडणाला ताजा आवाज हवा होता.

पहाटे पडवीत बसले. उत्तर पाठ होतं. थोड्या वेळानं वन्सं बाहेर आल्या. हातात डबा. माझ्या शेजारी पायरीवर बसल्या आणि डबा उघडून दाखवला. मोड आलेले, सोललेले वाल, डबा भरून. ज्यांनी कधी वाल सोललेत त्यांना ठाऊक आहे, एकेक दाणा चिमटीत धरून साल काढावी लागते, नखं दुखून येतात. वालवालीच्या घरी रामवाडीहून वाल!

"बिरडं करते तुला. तिखट नाय घालणार." मग म्हणाल्या, "अजून बोलायचं नाय ना? बरं. मीच बोलते."

मी श्वास घेतला. पहिलं वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात वर दयाळ सुरू झाला, आणि मी थांबले.

वन्संनी वर पाहिलं. "झाड हाय म्हणायचं अजून. मला वाटलं, तोडलंस. गजाला फोनवर विचारायचा धीर नाय झाला."

मी गप्प.

"सुमन, ठेव गो झाड. शेड न्हाणीच्या अंगाला घाल. मी मध्ये बोलणार नाय."

मी गप्प. दयाळानं ओळ संपवली, आंब्यावरून उत्तर आलं.

"त्या दिवशीचा राग हाय ना? मी तसं नव्हते म्हणाले."

मी पांगाऱ्याकडे पाहिलं.

"म्हणाले असेन. पण मनात नव्हतं."

मी पांगाऱ्याकडेच पाहत राहिले. उजाडत होतं, लाल फुलं दिसायला लागली होती.

"होतं मनात," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला. "आमची आई अशीच गेली गो. आधी आवाज बसला, मग गेली. गजा लहान होता, त्याला ताप म्हणून सांगितलं. तू माझ्यासमोर बसून तोंड उघडलंस नि आवाज नाय आला, तेव्हा मला आईच दिसली. काय बोलावं सुचलंच नाय. रागावले. चुकलं माझं. झाड तोड नायतर ठेव, पण तू बरी हो."

समोरचा माणूस शेवटच्या भावाला आला की कळतं. त्याचे हात मांडीवर पडतात. वन्संचे हात मांडीवर पडले होते, नखांच्या कडा लाल होत्या. पाठ केलेलं सगळं उत्तर मला आठवत होतं, एक शब्द विसरले नव्हते. दयाळ गात होता. मी त्याची ओळ पूर्ण होऊ दिली.

मग वालाच्या डब्यावर थाप मारली आणि म्हणाले,

"पटलं."

वन्सं ताडकन उठल्या. अर्धा डबा पायरीवर सांडला. दयाळ उडून गेला. आतून नवऱ्याचं हसणं ऐकू आलं.

"बोलतेस? कधीपासून?"

"कालपासून."

"नि मला इतका वेळ बडबडू दिलंस?"

"व्हय."

त्यांनी मला पाठीत एक धपाटा घातला, मग आम्ही दोघी सांडलेले वाल वेचायला बसलो. आवाज जाडच होता, खरखरीत होता, पुलापर्यंत काही गेला नसेल. पण पायरीपर्यंत पोचला. सध्या तेवढं पुरतंय. दुकानही चाललंय, आणि सकाळी सात वाजेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. ते आता डॉक्टरांचं बंधन राहिलेलं नाही.

वन्सं, तुम्ही हे वाचणार. न्हाणीकडची जागा गवंड्यानं तुम्ही यायच्या कितीतरी आधी मापून ठेवली होती, हे तुम्हाला आज कळतंय. जे झाड तोडायचं मी आधीच सोडून दिलं होतं, ते देऊन मी तुमच्याकडून "चुकलं" घेतलं. पण "पटलं" म्हणून झालंय, आता माघार नाही. भांडायला पहिल्या गाडीनं निघाल, हे मला माहीत आहे. या. पण आदल्या संध्याकाळीच येऊन राहा, पहाटे पडवीत बसू. आधी दयाळ काय म्हणतो ते ऐकू, मग तुम्ही बोला.